कॉफी संपली कशी?

आपल्याकडे फोटोचा रोल कुणी 'डेव्हलप' केला नाही, धुवायला टाकला. स्टुडिओवाला म्हणायचा, "गुरुवारी या, धुऊन ठेवतो." त्यामुळे कॉफी, व्हिटॅमिन सी आणि धुण्याचा सोडा एवढ्यावर कृष्णधवल रोल घरी धुता येतो, हे कळलं तेव्हा मला नवल वाटलं ते कॉफीचं. धुणं म्हटलं की सोडा आलाच!

या काढ्याला कॅफेनॉल म्हणतात. १९९५ साली अमेरिकेत रॉचेस्टरच्या तंत्रशिक्षण संस्थेत स्कॉट विल्यम्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्याचा पहिला अवतार केला. रॉचेस्टर म्हणजे कोडॅकचं गाव. तिथे कॉफीत रोल धुणं म्हणजे हलवायाच्या ओट्यावर बसून घरचा गूळ खाणं.

लिटरभर पाण्यात ५४ ग्रॅम सोडा, १६ ग्रॅम व्हिटॅमिन सी, ४० ग्रॅम इन्स्टंट कॉफी. २० अंशांवर १५ मिनिटं. यात राबतं ते कॅफीन नव्हे, कॅफिक आम्ल. शिवाय कॉफी स्वस्तातली असेल तर उत्तम. आमच्या घरात स्वस्तातलीच असते, पण ४० ग्रॅम म्हणजे पाव बाटली, हा हिशेब बायकोने माझ्या आधी केला.

रोल अंधारात डब्यात भरायचा म्हणून मी रात्री बाथरूममध्ये शिरलो. फटीला टॉवेल लावला. बाथरूमचं बटण बाहेर असतं, हे मात्र लक्षात राहिलं नाही. आई म्हणाली, "अरे, अंधारात काय करतोयस?" आणि मायेने दिवा लावला. पहिला रोल तिथेच वारला.

दुसऱ्या वेळी आधी बल्ब काढला. भर मे महिना, नळाला नुसतं कढत पाणी, म्हणून काढ्याचं भांडं बर्फाच्या परातीत ठेवलं. सोडा आईकडे मागितला. तिने ढोकळ्याचा डबा पुढे केला. सोडा म्हणजे सोडा, म्हणून मी घेतला. पंधरा मिनिटं डबा हलवला, काढा ओतून प्रतिमा पक्की करणारा हायपो घातला, मग डबा उघडला. फिल्म काचेसारखी स्वच्छ! कडेला कारखान्यातच छापलेले आकडे असतात, तेसुद्धा उमटले नव्हते. म्हणजे कॅमेरा निर्दोष, गुन्हेगार काढा. खाण्याच्या सोड्याला तेवढा जोर नसतो.

"स्वच्छ धुतलास की," आई म्हणाली.

तिसऱ्या वेळी वाण्याकडून धुण्याचा सोडा आणला. तो कॉफीत पडला आणि जो वास सुटला! पावसात भिजलेल्या म्हशीवर कुणी फिल्टर कॉफी ओतल्यासारखा. शेजारच्या काकू विचारून गेल्या, "ड्रेनेज तुंबलंय का हो?" पण फिल्म बाहेर आली तेव्हा ३६ पैकी ११ फोटो उमटलेले होते, किंचित तपकिरी झाक असलेले. पाचव्यात आई ओट्याशी उभी, हातात ढोकळ्याचा डबा. उजेडाला धरून ती बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "केस किती काळे आलेत माझे." निगेटिव्हमध्ये पांढरे केस काळेच दिसतात, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

तुमच्या कपाटात एखादा न धुतलेला रोल पडला असेल तर जरूर घेऊन या. येताना कॉफीची बाटली मात्र तुमची आणा; आमच्याकडची आता कुलपात असते.