परमिट रूममधला बर्गर

गल्लीतल्या परमिट रूमने बर्गर सुरू केला म्हटल्यावर मित्रमंडळी निघालीच. आत तोच मिणमिणता उजेड, तेच चिकट सनमायकाचे टेबल, चखण्याला तेच खारे शेंगदाणे. मेनूकार्डावर चिकन चिलीच्या जुन्या दरावर तेवढी ‘गोर्मे बर्गर’ची चिठ्ठी डकवलेली.

बर्गर आला. पाव कोपऱ्यावरच्या बेकरीतला, टिक्की शेजवान चटणीत न्हालेली, कांदा भजीच्या मापाने कापलेला आणि वर टूथपिकला टोचलेली लाल चेरी. ही चेरी कोणाच्या सुपीक डोक्यातून निघाली, देव जाणे. एका जाणकाराने ‘स्मोकी फ्लेवर’ असल्याचं जाहीर केलं. तो फ्लेवर शेजारच्या टेबलावरून येत होता. काटा-सुरी मागितली तर वेटर म्हणाला, “पार्सल करू का साहेब?”

१९४९च्या दारूबंदी कायद्यामुळे महाराष्ट्रात प्यायला आजही परवाना लागतो आणि कडक दारूसाठी वयाची पंचविशी गाठावी लागते. बर्गर मात्र कोणालाही, कोणत्याही वयात, बिनदिक्कत वाढतात! उत्पादन शुल्क खात्याचं इकडे लक्ष नाही.

दुसरी क्वार्टर उघडल्यावर बर्गर बरा लागू लागला. बिलात त्याची नोंद होती: ‘चखणा, स्पेशल’.