टिकाऊ मावशी

दौंडला आमच्या आळीत कुणी नवा फ्रीज घेतला, की तो टेम्पोतून उतरायच्या आत मावशी हजर असतात. फ्रीजचा रंग कोणता, दारं किती, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. टेम्पोवाल्या पोरांना त्या एवढंच सांगतात, "खोकं फाडू नका रे बाळांनो. खालची पट्टी कापा आणि वरून अलगद काढा." मग फ्रीज ज्याचा त्याच्या घरी जातो आणि खोकं मावशींच्या. गेल्या श्रावणात समोरच्या काकूंनी लहान फ्रीज घ्यायचं ठरवलं, तेव्हा मावशींनी त्यांना तासभर बसवून घेऊन मोठ्या फ्रीजचे फायदे पटवले. काकूंच्या घरात माणसं दोन. पण मावशींना त्या वर्षी गौरींसाठी दुमजली वाडा करायचा होता.

मावशी पहिल्यापासून पुठ्ठ्याच्या नव्हत्या. त्या मूळच्या थर्माकोलच्या. मार्च २०१८मध्ये राज्य सरकारने प्लास्टिकबरोबर थर्माकोलवरही बंदी आणली, तेव्हा त्यांच्या माळ्यावर चार देवळं, एक केदारनाथ आणि ताजमहालाचा अर्धा घुमट पडून होता. दोन दिवस घरात सुतक असल्यासारखी शांतता होती. तिसऱ्या दिवशी त्यांना फ्रीजच्या खोक्याचा साक्षात्कार झाला. रांजणगावच्या एमआयडीसीत फ्रीज आणि वॉशिंग मशीन बनतात. त्या गावाशी मावशींचा संबंध तोवर फक्त महागणपतीपुरता होता. आता त्या अभिमानाने सांगतात, "गणपती रांजणगावचा, मखरही रांजणगावचं."

अशी एक मावशी, काकू नाहीतर वहिनी प्रत्येक आळीत असते. आमच्या मावशींचं माहेर शिरूर. त्या मात्र घोडनदीच म्हणतात, आणि कुणी शिरूर म्हटलं की "तेच ते" म्हणून पुढे जातात. माहेरून येताना त्यांनी एक शिलाई मशीन आणलं आणि एक वाक्य आणलं, "राहू दे, लागेल." मशीनचा पट्टा आजवर अनेकदा बदलला, वाक्याला अजून तेलसुद्धा लागलेलं नाही.

ज्यांना दौंड जंक्शन माहीत आहे, त्यांना मावशी समजायला सोप्या जातात. पुण्याहून मनमाडकडे जाणारी गाडी दौंडात आली की तिचं इंजिन सुटायचं, वळसा घालून मागच्या टोकाला लागायचं, आणि इतका वेळ जो डबा शेवटचा होता तो पहिला होऊन नगरच्या दिशेने निघायचा. पहिल्यांदा येणारा प्रवासी घाबरायचा, की गाडी परत पुण्याला निघाली. आता कॉर्ड लाइन झाल्यापासून बऱ्याच गाड्या हा सोपस्कार टाळून बाहेरच्या बाहेर जातात. मावशींच्या घरात मात्र इंजिन अजून फिरतं. साडीचा पडदा होतो, पडद्याचे अभ्रे, अभ्र्यांच्या पिशव्या, आणि पिशव्यांचं पायपुसणं. त्या पायपुसण्याच्या कोपऱ्यात अजून थोडी जर चमकते. दारात आलेल्या पाहुण्याला मावशी सांगतात, "ही माझी डोहाळजेवणाची साडी. पुसा, पुसा, नीट पाय पुसा."

काका रेल्वेत गार्ड. जानेवारी २०२२मध्ये रेल्वेने गार्ड हे नाव काढून ट्रेन मॅनेजर असं केलं, आणि त्यानंतर काही महिन्यांनी काका मॅनेजर म्हणून निवृत्त झाले. काम तेच, शिट्टी तीच, डबाही शेवटचाच. मावशींना रेल्वेचा इतका आदर त्याआधी कधी वाटला नव्हता. "बघा, तुमच्या साहेबांनाही जमतं की," त्या म्हणाल्या, "टाकलं नाही, नुसतं अस्तर बदललं."

काकांची एक लोखंडी ट्रंक आहे आणि तिला कायम कुलूप असतं. आत काय असेल यावर आळीत बरेच तर्क चालतात. जमिनीचे कागद असावेत, असं बहुमत आहे. मला त्यांनी एकदा, मावशी भिशीला गेल्या असताना, उघडून दाखवली. आत दोन चांगले शर्ट होते. "हिच्या नजरेस पडले," काका हळूच म्हणाले, "तर दिवाळीला आकाशकंदील म्हणून बाहेर लटकतील."

स्वयंपाकघरातही हाच कारभार. 'रुचिरा'ची एक जुनी प्रत मावशींना आईकडून मिळाली आहे. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक १९७० साली आलं आणि वाटी-चमच्याच्या मापाने कितीतरी नव्या संसारांना स्वयंपाक शिकवून गेलं. मावशींच्या प्रतीची पानं हळदीने इतकी माखली आहेत, की पाऊसपाण्याच्या दिवसांत नुसतं पान उकळलं तरी वरण होईल. पण मावशी पुस्तकाचं ऐकत नाहीत, त्याच्याशी वाद घालतात. समासात पेन्सिलीने शेरे आहेत. 'साखर कशाला, गूळ घालणे.' (दौंड तालुक्यात राहून साखर घालणं हा त्यांना गुऱ्हाळांचा अपमान वाटतो.) 'मोहन जास्त झालं.' एका ठिकाणी नुसतंच, 'ह्यांना आवडलं नाही. परत करणे.'

सोमवारची खिचडी मंगळवारी थालीपिठात असते, बुधवारी कटलेटात, आणि गुरुवारी काका उपास धरतात.

पण मावशींचा हात ज्याला लागावा ते शेंगोळं. हुलग्याच्या पिठात लसूण, मिरची, जिरं वाटून घालायचं, पीठ घट्ट मळायचं, तळव्यावर वळून वळून त्याची वेटोळी करायची आणि उकळत्या पाण्यात सोडायची. पिठानेच रस्सा दाट होतो. थंडीत बाजरीच्या भाकरीबरोबर हे खाल्लं, की माणूस कुणालाही माफ करू शकतो. एकदा पुण्याहून भाचीचा मुलगा आला आणि पास्ता पाहिजे म्हणून बसला. भाचीने पाकीट फोडून करून दाखवला. मावशींनी एक तुकडा उचलून उजेडात धरला आणि म्हणाल्या, "अगं, हे मैद्याचं शेंगोळं. लसूण वाटायचासुद्धा कंटाळा केलाय मेल्यांनी." दुसऱ्या दिवशी त्यांनी शेंगोळ्यांवर चीज किसून पोरापुढे ठेवलं. त्याने दोन वाट्या संपवल्या आणि विचारलं, "आजी, हे इटलीत कुठं मिळतं?"

"न्हावऱ्याला," मावशी म्हणाल्या.

कपड्यांच्या बाबतीत त्यांचं मत असं, की दुकानात जे टांगलेलं असतं ते दुसऱ्याच्या मापाचं असतं. त्यांच्या अंगावर खणाचा ब्लाउज असतो, कानात पिस्त्याच्या टरफलांची फुलं आणि खांद्याला जीन्सची पर्स. ती जीन्स माझी होती. मी ती टाकली नव्हती, वाळत घातली होती. २०१५च्या डिसेंबरात बाजीराव-मस्तानीचा सिनेमा आला आणि आळीतल्या सगळ्या मुलींना मस्तानी व्हायचं होतं. मावशींचं मशीन रात्रंदिवस चालू झालं. पाबळ शिरूर तालुक्यातलं, मस्तानीची कबर पाबळला, म्हणून ही फॅशन मूळची आपल्या माहेरची, मुंबईवाल्यांनी नुसतं शूटिंग केलं, असं त्यांचं म्हणणं. दोन जुन्या साड्यांत एक घेरदार मस्तानी, हा त्यांचा हिशेब. अस्तराला कापड कमी पडलं, तिथे त्यांनी मैद्याची धुतलेली कापडी पिशवी लावली. गॅदरिंगला पोरीने झोकात गिरकी घेतली, घेर छत्रीसारखा उघडला, आणि अख्ख्या शाळेने वाचलं, 'निव्वळ वजन ५० किलो.'

त्याच पाबळला विज्ञान आश्रम आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तो सुरू केला. मुलांनी वेल्डिंग, सुतारकाम, शेती असं हाताने करत करत शिकावं, ही तिथली रीत. बचत गटाच्या बायकांबरोबर मावशी तो बघून आल्या आणि आठवडाभर त्यांचा पाय जमिनीवर नव्हता. एवढा शिकलेला शास्त्रज्ञही शेवटी आपल्यासारखंच बोलला, याचं त्यांना फार समाधान. तिथे त्यांनी उन्हावर पदार्थ वाळवायची काचेची पेटी पाहिली होती. घरी येऊन त्यांनी शोकेसची जुनी काच काढून तशीच पेटी केली आणि महिनाभर दिसेल ते वाळवलं. टोमॅटो, मेथी, कांदा, आल्याच्या चकत्या. काका त्या महिन्यात गच्चीवर बसायला घाबरत होते.

पुण्याच्या भीमथडी जत्रेत गटाचा स्टॉल लागला तेव्हा मावशींना मोठ्या हौसेने नेलं होतं. पहिल्याच दिवशी एका बाईंनी कापडी तोरण हातात घेऊन किंमत विचारली. "अहो, विकत कशाला घेता?" मावशी म्हणाल्या, "घरी होतं की! जुना परकर आहे ना?" आणि त्यांनी स्टॉलवरचं विकायचं तोरण उसवून, आतली शिवण दाखवून, पुन्हा घालून दाखवलं. बाई आभार मानून निघून गेल्या. दुपारपर्यंत स्टॉलपुढे ही गर्दी जमली, आणि गल्ल्यात सत्तर रुपये. दुसऱ्या दिवसापासून गटाच्या अध्यक्षीणबाईंनी मावशींना मागे भाकरी थापायला बसवलं. तिथेही त्यांनी दोन जणींना भाकरी शिकवली.

मावशींचं खरं कर्तृत्व मात्र रुखवत. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत मिळून त्यांनी किती लग्नांची रुखवतं केली, याचा हिशेब त्यांनाही नाही. सुपारीचे भटजी, हळकुंडांची सप्तपदी, नारळाला नथ घालून बसवलेली विहीण, साखरेचं तुळशीवृंदावन. आणि प्रत्येक वस्तूपुढे एक चिठ्ठी, 'कु. अमुक हिने स्वतः केलेले.' या चिठ्ठ्याही मावशीच लिहितात. खोटं बोलायला लागू नये, म्हणून त्या मुलीला बोलावून निदान एक तरी मणी तिच्या हातून चिकटवून घेतात.

सोळा-सतरा वर्षांपूर्वी घोडनदीच्या भाचीच्या लग्नात त्यांनी आगकाड्यांचा बंगला केला होता. प्रत्येक काडीचं गुल कापायचं, काडी घासायची, मग चिकटवायची. अकराशे काड्या लागल्या. रात्री जागून शेवटच्या काड्या लावताना गॅलरीच्या कठड्यातल्या एका काडीचं गुल कापायचं राहिलंच. कौलांवर चिमणी हवी म्हणून फेव्हिकॉलच्या बाटलीचं टोपण लाल रंगवून बसवलं होतं. "घोडनदीत कुणाच्या घराला चिमणी असते गं?" काकांनी विचारलं. "रुखवतातल्या घराला असते," असं उत्तर मिळालं.

हा बंगला मांडीवर घेऊन आम्ही वडापच्या जीपने निघालो. पाटस, चौफुला, पारगाव, न्हावरे, शिरूर. जीपमध्ये माणसं चौदा आणि बंगला एक. पाटसपर्यंत लोक कुतूहलाने बघत होते, चौफुल्यापर्यंत कुजबुजत होते, आणि तिथून पुढे सगळी जीप त्या बंगल्याची मालक झाली. गतिरोधक दिसला की मागून एक म्हातारबाबा ओरडायचे, "हळू रं, घर हाय!" एकाने भाडं विचारलं. एकाने वास्तुशांत कधी म्हणून विचारलं. शेजारच्या बाईच्या कडेवर दीड-दोन वर्षांचं पोर होतं. ते बराच वेळ चिमणीकडे टक लावून बघत होतं. त्याला ते बाटलीचं टोपण वाटलं असावं, आणि ते बरोबरच होतं. भीमेच्या पुलावर जीप आली तेव्हा त्याने हात घातला, टोपण उपटलं आणि खिडकीतून थेट नदीत. त्याच्या आईने त्याला एक धपाटा घातला. मावशींनी तिला अडवलं. "असू दे गं. त्याने पण हाताने करून बघितलं."

भाचीच्या लग्नात तो बंगला चिमणीशिवायच मांडला. लोकांनी वाखाणला. रुखवत मग तिच्या सासरच्या शोकेसमध्ये गेलं, आणि पुढचं आम्हाला काही ठाऊक नाही.

गेल्या मे महिन्यात शिरूरला एका लग्नाला आम्ही तिघं गेलो होतो. नवरीकडच्यांची आमची ओळख काकांच्या नोकरीपुरती. अक्षता पडल्यावर नवरीच्या आईने मावशींना हाताला धरून रुखवताच्या टेबलाशी नेलं. "सगळं आमच्या मुलीने केलंय हो. खराडीला कंपनीत जायचं, रात्री नऊला घरी यायचं, आणि मग हे करत बसायचं."

टेबलाच्या मधोमध आगकाड्यांचा दुमजली बंगला होता. दारावर नवी सोनेरी पाटी, जोडप्याचं नाव. कौलांवर मात्र वाळलेल्या फेव्हिकॉलचं एक पिवळट गोल कडं तसंच होतं. मावशी खाली वाकल्या. गॅलरीच्या कठड्यात, डावीकडून तिसऱ्या काडीला, काळपट लाल गुल होतं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी जिलबीच्या ताटाकडे पाहिलं.

"हात चांगला आहे हो मुलीचा," मावशी म्हणाल्या, "फक्त चिमणी राहिली वाटतं."

"चिमणी?" विहीणबाई म्हणाल्या.

मावशींनी माझ्या जीन्सची पर्स उघडली, आतून फेव्हिकॉलची बाटली काढली, टोपण फिरवून वेगळं केलं, त्याच्या कडेला बोटाने थोडा डिंक फिरवला आणि जुन्या कड्यावर ते बरोबर टेकवलं. मिनिटभर दाबून धरलं. मग उघड्या बाटलीच्या तोंडावर अंगठा ठेवून त्या काकांकडे वळल्या, "अहो, तुमच्याकडे काही बूच वगैरे आहे का?"

काकांनी न बोलता खिशातल्या पेनाचं टोपण काढून पुढे केलं.