बाहेरच्या खोलीतले साहेब

मुहम्मद तुघलकाचा एक दात बीडजवळ पडला. दात पडतो, त्यात विशेष काही नाही. पण सुलतानानं त्या दाताचं रीतसर दफन करून वर थडगं बांधून घेतलं, असं फिरिश्ता लिहून गेला आहे. शाळेत हे ऐकलं की पोरं हसतात. मला मात्र दर वेळी वाटतं, या माणसाच्या पदरी वजीर होते, सरदार होते, इब्न बतूतासारखा जग पालथं घातलेला काझी होता. नव्हते ते फक्त भाऊसाहेब. भाऊसाहेब असते तर त्यांनी "जी हुजूर" म्हणत हुकूम उतरवून घेतला असता आणि कागद टेबलाच्या खालच्या खणात टाकला असता. चार दिवसांनी सुलतानाला आठवण झालीच असती, तर मान खाली घालून म्हणाले असते, "हुजूर, बांधकामचं अंदाजपत्रक यायचंय." दात तसाच राहिला असता. राजधानीसुद्धा बहुधा दिल्लीतच राहिली असती.

भाऊसाहेब म्हणजे कुणी एक माणूस नाही. महसुलात कारकुनाला, तलाठ्याला भाऊसाहेब म्हणायची पद्धत आहे, तहसीलदाराला रावसाहेब, आणि त्याच्या वर नुसतेच साहेब. मी सांगतोय ते भाऊसाहेब मोठ्या साहेबांच्या दालनाबाहेरच्या खोलीत बसतात. आस्थापनेच्या कागदावर लघुलेखक किंवा स्वीय सहायक, एवढीच त्यांची नोंद. बीडमधलं कुठलंही मोठं कार्यालय धरा, साखर कारखाना धरा, नाहीतर शिक्षण संस्था. बाहेरच्या खोलीत ते असतातच. पांढरा हाफ शर्ट, कपाळाला अष्टगंध, खिशाला तीन पेनं. त्यातलं एक हिरव्या शाईचं. हिरवी शाई फक्त अधिकाऱ्यानं वापरायची असते, हे त्यांना पाठ आहे. ते पेन "साहेबांचं संपलं तर असावं" म्हणून. आजवर साहेबांचं पेन कधी संपलं नाही, पण जिल्ह्याला दिसावं म्हणून ते पेन रोज खिशात असतं.

त्यांचं खरं काम दार सांभाळणं. दुपारी तीनला अभ्यागतांची वेळ सुरू होते, तेव्हा बाकावर दाटी असते. पुढाऱ्यांची पोरं, ठेकेदार, निवेदनाच्या प्रती काढून आणलेल्या संघटना, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत सातबारा-फेरफार घेऊन आलेला एखादा म्हातारा. आत कुणी आधी जायचं हे चिठ्ठीच्या क्रमानं ठरतं, असं भिंतीवर लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात ते एस.टी.च्या वेळापत्रकानं ठरतं.

"बाबा, कुठले तुमी?"

"शिरूरकडचा हाव."

"मुक्काम हाय का परत जायचंय?"

"परत जायचंय की ओ. म्हशीचं कोण बघल?"

"मग उठा. तुमी आधी."

मागे पांढऱ्या गाडीतून आलेले दादा घड्याळ बघतात. त्यांना भाऊसाहेब अतिशय आदरानं चहा सांगतात. थोड्या वेळानं दुसरा सांगतात. त्यांच्याकडे अकरा तालुक्यांचा हिशोब तोंडपाठ आहे. गेवराईवाल्याला हायवेवर रात्रीपर्यंत काहीतरी मिळतं, तो थांबू शकतो. धारूर-वडवणीच्या माणसाची गाडी चुकली की तो स्टॅंडवर झोपणार. आणि आष्टीचा माणूस बीडला आला म्हणजे त्याचं काम खरोखर अडलेलं आहे, एरवी तो नगरलाच जातो. आत बसलेल्या साहेबांना वाटतं, आपण गरिबांना आधी भेटतो. तसा त्यांचा लौकिकही होतो. वर्तमानपत्रात 'संवेदनशील अधिकारी' छापून येतं, ते कात्रण भाऊसाहेबच कापून फायलीला लावतात.

फायलींचं शास्त्र याहून बारीक आहे. सगळ्यात वर नेहमी एखादी सोपी, आनंदाची फाईल. कुणाची तरी वेतननिश्चिती, एखाद्या अनुकंपावाल्या पोराची नेमणूक. दोन सह्या झाल्या की साहेबांचा हात मोकळा होतो. मग तिसरी अवघड. जेवणाआधी वाळूची फाईल ठेवायची नाही. ज्यावर नकार हवा आहे ती सायंकाळी, थकल्यावर. कारण थकलेला साहेब 'नाही' म्हणतो आणि ताजातवाना साहेब 'चर्चा करा' लिहितो. 'चर्चा करा' हा शेरा भाऊसाहेबांना अजिबात आवडत नाही. त्यांच्या मते ज्याला वाचायचा कंटाळा आला तो असं लिहितो. पण हे ते तोंडानं बोलत नाहीत. दुसऱ्या दिवशी तीच फाईल, अर्ध्या पानाचा सारांश पेन्सिलीनं टाचून, पुन्हा वरून दुसऱ्या क्रमांकावर दिसते.

आणि मग त्यांचं कार्ट्रिज. साहेब माणूसच असतात. रात्री अकराला मंत्रालयातून फोन येतो, कुठल्याशा तालुक्याचा आकडा चुकलेला असतो, साहेब खवळतात. "घ्या लिहून. कारणे दाखवा. चोवीस तासांत. निलंबन प्रस्तावित का करू नये?" भाऊसाहेब झरझर उतरवून घेतात, मजकुरात साहेबांना न सुचलेला एखादा कडक शब्दही भरीला घालतात. सकाळी साहेब विचारतात, "गेली नोटीस?" "सर, प्रिंटरचं कार्ट्रिज संपलंय. मागवलंय." बारा वाजता पुन्हा विचारणा होते. कार्ट्रिज अजून वाटेतच असतं. तोवर तो तहसीलदार आपण होऊन धापा टाकत बाहेरच्या बाकावर हजर झालेला असतो, कारण सकाळी सातला त्याला कुणीतरी फोन केलेला असतो. आत जातो, चूक कबूल करतो, दुरुस्त तक्ता ठेवतो. साहेब म्हणतात, "राहू द्या ती नोटीस." संध्याकाळी दौऱ्याचा कार्यक्रम छापायचा असतो, तेव्हा त्याच प्रिंटरवर चाळीस पानं सुरेख निघतात.

हा शोध फक्त बीडचा आहे असं समजू नका. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या बाहेरच्या खोलीत हॉल्डमन नावाचे भाऊसाहेब होते. निक्सन रागाच्या भरात काहीबाही हुकूम सोडत आणि हॉल्डमन त्यातले काही गुपचूप दाबून ठेवत. मात्र वॉटरगेटच्या वेळी जे दाबायला नको होतं तेही दाबलं, आणि अठरा महिने तुरुंगात काढले. त्यांच्या आधी आयझेनहॉवर यांच्याकडे शेरमन अ‍ॅडम्स होते. एका उद्योगपतीकडून आलेला उंची लोकरीचा कोट अंगावर घेतल्याचं निमित्त होऊन १९५८ मध्ये त्यांना जावं लागलं. आपल्याकडे तर बाळाजी आवजी चिटणीस. सांगितलेलं पत्र लिहायचं राहून गेलं होतं, तर त्यांनी कोरा कागद समोर धरून महाराजांना ते न अडखळता वाचून दाखवलं, अशी आख्यायिका आहे. महाराज गेल्यावर, १६८१ मध्ये, कटाच्या आरोपावरून त्यांना हत्तीच्या पायी देण्यात आलं. या नोकरीला पेन्शनपर्यंत पोचणं पूर्वीपासूनच अवघड. भाऊसाहेब तिन्ही बाबतींत सावध आहेत. दिवाळीच्या सुमारास कुणी सीताफळांची करंडी आणली तर ती उघड्यावर, शिपाई-ड्रायव्हर-वॉचमन यांच्यासमोर फोडतात आणि स्वतः एकच फळ घेतात. कोरा कागद मात्र तेही वाचतात. आढावा बैठकीत साहेबांनी "अनुपालन झालं?" विचारलं की भाऊसाहेब उभे राहून सहा मुद्दे खणखणीत सांगतात, आणि जेवणाच्या सुट्टीत ते सहा मुद्दे टाइप होतात.

नवा साहेब रुजू होतो, तो त्यांच्या परीक्षेचा काळ. २००५ च्या बदल्यांच्या कायद्यानं तीन वर्षांची मुदत सांगितली आहे, पण बीडच्या वाट्याला तेवढी क्वचित येते. २०१३ मध्ये जिल्हाधिकारी सुनील केंद्रेकर यांची बदली झाली, तेव्हा लोक रस्त्यावर आले, बंद पाळला गेला. भाऊसाहेबांच्या बदलीविरुद्ध आजवर कुणी बंद पाळलेला नाही. वेळच आलेली नाही. त्यांची बदली माजलगावला होते, आणि 'प्रशासकीय सोयीस्तव' सेवा पुन्हा इथेच वर्ग होते.

तर नवा साहेब येतो. तरुण असतो, कधी बिहारचा, कधी राजस्थानचा, डोक्यात पुष्कळ कल्पना. भाऊसाहेब पहिल्या दिवशी काहीच सांगत नाहीत. दुसऱ्या दिवशी चहाबरोबर थोडं थोडं सोडतात. "सर, नारायणगडाला जायचं ठरलं तर त्याच आठवड्यात गहिनीनाथगडालाही जाऊन यावं." "सर, अंबाजोगाईच्या भाषणात 'जिल्हा' हा शब्द जपून. तिथं वेगळ्या जिल्ह्याची मागणी फार जुनी आहे, टाळ्या थांबणार नाहीत आणि दुसऱ्या दिवशी खुलासा आपल्याला करावा लागेल." साहेब म्हणतात, नोव्हेंबरच्या शेवटी गावोगाव मोठी शिबिरं घेऊ, आरोग्य तपासणी, दाखले, सगळं एका छताखाली. भाऊसाहेब वही मिटतात. "सर, दिवाळी झाली की माणसं ऊसतोडीला जातेत. सांगली, कोल्हापूर, कर्नाटक. शिबिराला म्हातारी माणसं येतील आणि सरपंच." "मग कधी?" "दसऱ्याच्या आधी, सर. मुकादमाची उचल घेतलेली असते, पण गाड्या भरलेल्या नसतात." साहेबाच्या आयुष्यातला बीड जिल्ह्याचा पहिला खरा धडा तो. पुढे तेच साहेब बैठकीत म्हणतात, "माझा असा अभ्यास आहे की..." भाऊसाहेब मान डोलावतात. या एका गोष्टीसाठी मी त्यांना मानतो. आपली अक्कल दुसऱ्याच्या तोंडून ऐकून आनंद होणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

त्यांना एकदा नेतृत्वाच्या प्रशिक्षणाला पाठवलं होतं. व्याख्यात्यांनी पडद्यावर चार चौकोन दाखवले: तातडीचं आणि महत्त्वाचं, महत्त्वाचं पण तातडीचं नाही, वगैरे. हेही आयझेनहॉवर यांच्याच नावावर खपतं. भाऊसाहेबांनी हात वर केला. "सर, महत्त्वाचंही नाही, तातडीचंही नाही, पण आमदारांच्या मेव्हण्याचं आहे. ते कुठल्या चौकोनात?" व्याख्याते हसले. "चांगला प्रश्न आहे, चहानंतर बोलू." चहानंतर ते बोलले नाहीत. परत आल्यावर भाऊसाहेब त्यांच्याबद्दल फार आदरानं सांगत होते. "माणूस तयारीचा आहे. दार कसं लावायचं ते त्याला कळतं."

इथवर वाचून तुम्हाला भाऊसाहेब आवडले असतील. मलाही आवडतात, म्हणूनच पुढचं लिहिणं जरा जड जातं. शिरूरच्या बाबांना आधी आत सोडलं, हे चांगलंच झालं. पण ज्या बाईकडे गाडीभाड्याला पैसे नव्हते म्हणून ती बाकापर्यंत आलीच नाही, ती भाऊसाहेबांच्या दयेच्या कक्षेत कधी येतच नाही. शिवाय कार्ट्रिज ज्यांच्यासाठी संपतं, त्यात गरीब तलाठी जसा असतो तसा एखादा गाळात रुतलेला ठेकेदारप्रेमीही सुटून जातो. कुणाला वाचवायचं ते एकटे भाऊसाहेब ठरवतात, आणि ते कुठेही लिहिलेलं नसतं. हाताखालच्या पोरांना त्यांनी काही शिकवलं, असंही नाही. तरुण लिपिकानं फायलींचा क्रम असा का, म्हणून विचारलं तर "अनुभवानं कळल" एवढंच उत्तर. ते रजेवर गेले की कार्यालय उघडं असतं आणि काम बंद असतं. आणि या गोष्टीचा त्यांना मनातून अभिमान आहे. मुलीच्या लग्नातसुद्धा अक्षता टाकता टाकता त्यांनी तीन फोन घेतले. तक्रारीच्या सुरात घेतले, पण चेहरा फुललेला होता.

मग ई-ऑफिस आलं. फाईल संगणकावर चालणार, साहेबांना सगळ्या फायली एकदम दिसणार, कुठली कुणाकडे किती दिवस पडली तेही दिसणार. वर-खाली ठेवायला गठ्ठाच उरला नाही. आठवडाभर भाऊसाहेब जेवले नाहीत म्हणतात. त्यानंतर एका रात्री साहेब पुन्हा खवळले, पुन्हा नोटीस सांगितली, आणि सकाळी विचारलं, "अपलोड झाली?"

"सर, सर्व्हर डाऊन आहे."

तेव्हा सगळ्यांना कळलं, की भाऊसाहेब ठीक आहेत.

अठ्ठावन्न पूर्ण झाली आणि नियमानं ते निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, सहकुटुंब फोटो. साहेबांनी भाषणात त्यांना कार्यालयाचा कणा म्हटलं. ते भाषण भाऊसाहेबांनीच टाइप केलेलं होतं आणि 'कणा' हा शब्द त्यांनी खोडून पुन्हा घातला होता. जाताना आपली जाडजूड डायरी त्यांनी नव्या माणसाच्या हाती दिली. कोण कुठला, कुणाला कधी आत सोडायचं, कुणाचं कुणाशी बिनसलंय, कुठल्या गावाचं पाणी मार्चमध्ये संपतं आणि कुठल्याचं मेमध्ये, सगळं तिच्यात आहे. पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत लघुलिपीत, आणि तीही त्यांची स्वतःची, आखूड केलेली. नव्या माणसाची नेमणूक संगणकावर टाइप करणारा म्हणून झाली आहे. मराठी लघुलिपी त्याला येत नाही. डायरी सध्या खालच्या खणात आहे.

नवा माणूस चांगला आहे, चिठ्ठीच्या क्रमानं आत सोडतो. तेव्हा बीडला काम असेल तर सकाळच्या पहिल्या गाडीनं या. जिल्हाधिकारी कार्यालयातलं असेल तर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. त्याचा अर्ज पंधरा दिवस आधी, दोन प्रतींत द्यावा लागतो. एका प्रतीवर पोच घ्या. तुम्हाला परत कधी जायचंय, हे आता कुणी विचारणार नाही.