पाणी किती बसतंय?

लातूरच्या प्रत्येक गल्लीत एक अप्पा असतात. कुठे ते निवृत्त मास्तर असतात, कुठे आडतीवरचे मुनीम, तर कुठे गंजगोलाईतले भांड्यांचे दुकानदार. दारात नवी वस्तू आली की शेजारीपाजारी किंमत विचारतात. अप्पा विचारतात, "पाणी किती बसतंय हिच्यात?" नव्या मोटारीची डिकी ते घागरींत मोजतात. नातीसाठी बाबागाडी आली तेव्हा तिच्या खालच्या जाळीत पाच लिटरचा कॅन घालून बघितला, आणि मगच नातीला बसवलं. स्थळ बघायला गेले की मुलाचा पगार बायका विचारतात. अप्पा परसात जाऊन बोअर किती फुटांवर लागला ते विचारून येतात.

ही खोड जुनी असेल, पण तिला धार आली २०१६ साली. मांजरा धरण कोरडं पडलं होतं, नळ नावालाच भिंतीत उरले होते. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं नकोत म्हणून जमावबंदी लागली, पाचाहून जास्त माणसांनी जमायचं नाही. अप्पा म्हणतात, "आमच्या घरातच सहा माणसं. सगळे मिळून पाण्याला गेलो असतो तर आत गेलो असतो." त्यामुळे ते एकटेच जायचे, सायकल घेऊन. कॅरिअरवर लोखंडी सळईचा आकडा टाकलेला, दोन्ही बाजूंना एकेक प्लास्टिकची घागर, तिसरी हँडलला. त्या सायकलीवर बसायचं नसतं, तिच्या शेजारून चालायचं असतं. बसून फिरवतो ती सायकल आणि ढकलून नेतो तो संसार, अशी अप्पांची व्याख्या आहे.

या विषयातलं त्यांचं ज्ञान पोकळ नाही. दोन्हीकडं वजन सारखं पाहिजे. एक बाजू आधी पूर्ण भरली की सायकल स्टँडसकट आडवी. आणि अर्धी घागर भरलेल्या घागरीपेक्षा वाईट, कारण आतलं पाणी हिंदकळतं आणि वळणावर हँडल स्वतःच्या मर्जीनं फिरतं. तोंडाला फडकं बांधायचं, आणि बांधायला सुतळी नाही, जुन्या ट्यूबची पट्टी. सुतळी भिजली की सैल पडते, ट्यूब धरून बसते.

तर अशा अप्पांच्या दारात पुण्याहून पुतण्या आला, सेकंडहँड सायक्लोक्रॉस सायकल घेऊन. दुसऱ्या दिवशी ती चालवत नांदेडला मामाकडं जायचा बेत होता. अप्पांनी सायकलीभोवती एक प्रदक्षिणा घातली, टायर दाबून बघितलं, नळीवर टिचकी मारली.

"पाणी किती बसतंय?"

"बसत नाही, अप्पा. बाटली लावायची भोकंच नाहीत हिला."

अप्पा खुर्चीत बसले.

पुतण्यानं समजावून सांगितलं. ही शर्यत बेल्जियमकडची, थंडीतली, चिखलातली. जेमतेम तासाभराची. मध्ये फळ्या येतात, पायऱ्या येतात, तिथं उतरायचं आणि सायकल खांद्यावर टाकून पळायचं. नळीला बाटली असली तर खांद्याला अडते, म्हणून काही कंपन्या भोकंच पाडत नाहीत.

"म्हंजे ही सायकल माणसावर बसती?"

"थोडा वेळ."

"आन् पाणी न घेता?"

पुतण्यानं पाठीवरची पिशवी काढून दाखवली. आत दोन लिटर पाणी, खांद्यावरून तोंडाशी येणारी नळी. अप्पांनी नळी हातात धरून नीट बघितली. "सलाईन हाय की हे. आन् चाकूरला पोचस्तोवर तुझ्या पाठीवर त्याचा चहा हुईल."

मग पुतण्या जरा ताठ झाला. "अप्पा, सायकल पाण्यासाठी बनवलेलीच नाही ही."

हे वाक्य लातुरात बोलायला नको होतं. "आन् आमची रेल्वे पाण्यासाठी बनवली होती व्हय रे?" अप्पा कडाडले. "तेलाच्या वाघिणी होत्या त्या! कोट्याला वाफेनं धुतल्या, मिरजेला भरल्या, आन् बारा एप्रिलला पहाटं हितं आल्या. धा वाघिणी, पाच लाख लिटर. फुडं पन्नास वाघिणी यायला लागल्या, एका खेपेला पंचवीस लाख. साडेतीनशे किलोमीटरवरनं! त्यांना कुणी इचारलं का, तुमाला भोकं हायत का म्हणून?"

यावर पुतण्याजवळ उत्तर नव्हतं. माझ्याजवळही नाही.

संध्याकाळी अप्पांनी काम हातात घेतलं. बाटलीचा एक साधा पिंजरा, गॅसच्या नळीला लावतात तसले दोन क्लॅम्प, जुनी ट्यूब. आधी त्यांनी वरच्या नळीवर हात फिरवला आणि थांबले, कारण मागच्या ब्रेकची वायर तिथूनच जात होती. "हितं आवळलं तर पाणी ऱ्हाईल, ब्रेक जाईल." म्हणून खालची नळी घेतली. आधी ट्यूबचे दोन वेढे, त्यावर पिंजरा, त्यावर क्लॅम्प, आणि स्क्रू दोन बोटांनी आवळता येईल तेवढाच, कारण सांगाडा ॲल्युमिनियमचा, पिचकायला वेळ लागत नाही. दुसरी बाटली हँडलच्या मुळाशी, निव्वळ ट्यूबच्या पट्टीनं. पाठीवरची पिशवीही राहू दिली. म्हणाले, "असू दे, लोह्यापर्यंत चहा मिळंल."

नांदेडचा मामा हा वेगळाच नमुना. गोदावरीकाठचा माणूस, विष्णुपुरीच्या भरवशावर वाढलेला. त्याच्या लेखी पाणी ही वाहून न्यायची वस्तूच नव्हे. ती तिकडून वाहत येते. "अहमदपूर हाय, माळेगाव हाय, लोहा हाय. हॉटेलात मागायचं की," असं त्यानं फोनवर आधीच सांगितलं होतं. पुतण्या उन्हानं काळाठिक्कर पडून दारात उतरला, तेव्हा मामानं आधी लस्सीचा ग्लास पुढं केला आणि दुसऱ्या हातानं सायकलीची बाटली काढून तळाचं गरम पाणी ओतून दिलं.

पुतण्यानं रात्री फोन केला आणि बोलण्याच्या ओघात हेही सांगून बसला.

पलीकडं बराच वेळ काही ऐकू येईना.

"किती होतं?" अप्पांनी विचारलं.

"अर्धा लिटर असंल."

"मोरीत वतलं का झाडाला?"

"झाडाला."

"कशाच्या?"

"कर्दळीच्या."

"मग असू दे," अप्पा म्हणाले, आणि पुढचा अर्धा तास मामाच्या बोअरची चौकशी केली.