गुरगुर आधी, पिकअप नंतर

विजेच्या मोटारी आणि तारांनी गजबजलेल्या सुरतच्या पांडेसऱ्यात गिटारवर मेटल वाजवणाऱ्या खानदेशी पोराला ५० हर्ट्झची गुरगुर फुकट मिळते. ती मारणाऱ्या, उलटसुलट जोडलेल्या दोन कॉइल्सच्या हंबकर पिकअपसाठी गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५ सालीच पेटंटचा अर्ज केला होता. तेव्हा गिटारीत सिंगल कॉइल असेल, तर पिकअप खुशाल बदला. पण हंबकर असतानाही ‘जास्त आउटपुट’साठी पगार उधळायचा? तो जोर डिस्टॉर्शनचं बटण फुकटात देतं. ‘पण खर्ज घट्ट यायला हवा ना!’ यायलाच हवा, आणि सिरॅमिक चुंबकाचा पिकअप त्याला हातभारही लावतो. मात्र गिटारीच्या गंजलेल्या तारा आणि घरातलं बेपत्ता अर्थिंग तो दुरुस्त करत नाही. आधी नव्या तारा चढवा, स्क्रूड्रायव्हरने पिकअपची उंची जुळवा, वायरमनला बोलवा. एवढ्यानेही भागलं नाही, तरच दुकान गाठा.