माशी

सासूबाई रत्नागिरीहून पहिल्यांदाच आमच्या गुरुग्रामच्या घरी आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी चिरंजीव उठले तेच ‘माशी, माशी’ करून टाहो फोडत. सासूबाईंनी पेपरची घडी केली आणि पडद्यामागे, पलंगाखाली शोध सुरू केला. ‘‘बाराव्या मजल्यावरसुद्धा माश्या?’’ एवढ्यात बेल वाजली आणि माशी चपला काढून आत आली.

माशी म्हणजे बंगालीत मावशी. आमची माशी मालद्याची. २०१७च्या कायद्याने बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली. सत्ताविसाव्या आठवड्यात पोर कुणाच्या कडेवर द्यायचं, हे शोधताना मला माशी सापडली. पाळणाघराचं कलम आहे, पण पन्नास माणसांच्या कचेरीपासून पुढे. आमच्या कचेरीत आम्ही एकोणीस.

आता तिन्हीसांजेला नातू आजीपुढे भांडं धरून म्हणतो, ‘‘जोल खाबो!’’

‘‘पाणी पितात रे, खातात होय?’’

‘‘खाबो!’’

मी अंगाई म्हणायला लागले तर तो माझ्या तोंडावर हात ठेवतो.

रविवारी सगळ्यांना दिल्लीचा पुराना किल्ला दाखवायला नेलं. समोरच ‘खैरुल मनाज़िल’ ही मशीद आहे. अकबराची दाई माहम अनगा हिने ती १५६१ साली बांधवली. मी सासूबाईंना सांगितलं, ‘‘दरबारात केवढा वचक होता तिचा! बैराम खानासारख्या कारभाऱ्याला घालवण्यात तिचा हात होता. पोटचा अधम खान मात्र वाया गेला. त्याने दुसऱ्या दाईच्या नवऱ्याला मारवलं, म्हणून अकबराने त्याला गच्चीवरून खाली फेकवलं. धुगधुगी उरली होती, म्हणून पुन्हा वर आणून फेकवलं.’’

सासूबाई म्हणाल्या, ‘‘दुसऱ्याचं पोर वाढवताना आपल्या पोराकडे बघायला तिला वेळ कुठला?’’

मी चटकन माशीकडे पाहिलं. ती आमच्या बाबूचं नाक पुसत होती. तिची सात वर्षांची मुलगी मालद्याला आजीजवळ असते.

जुलैत माशी पंधरा दिवस गावी गेली. तिसऱ्या दिवसापासून सासूबाई आठ वाजले की दाराकडे बघू लागल्या. गुडघ्यांना तेल लावता लावता म्हणायच्या, ‘‘माशीची गाडी कधी गं?’’

माशी आली ती फजली आंब्यांची पेटी घेऊन. रत्नागिरीच्या बाईपुढे मालद्याचा आंबा! सासूबाईंनी फोड तोंडात टाकली, डोळे मिटले. आमचा श्वास अडकला.

‘‘बरा आहे.’’

रत्नागिरीत याच्यावरची पदवी नाही.

पेटीतल्या एका आंब्यावर बॉलपेनने डोळे, नाक आणि मिशा काढल्या होत्या. माशीच्या मुलीने बाबूसाठी पाठवलेला. सासूबाईंनी तो कापू दिला नाही, टेबलावर मांडून ठेवला.

आठवड्याने त्या मिशांवर खरोखरच एक येऊन बसली. सासूबाईंनी पेपरची घडी उचलली आणि ओरडल्या, ‘‘माशी!’’

स्वयंपाकघरातून माशी धावत आली. ‘‘जी, माँजी?’’