खोका शेजारणीकडे आहे

परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाच्या आठवणीतला वाणी दर वर्षी थोडा थोडा अधिक प्रेमळ होत जातो. पहिल्या वर्षी तो नुसता कोपऱ्यावरचा दुकानदार असतो. पाचव्या वर्षापर्यंत तो 'काकू, या महिन्यात पोहे राहिले बघा' असं आपणहून सांगू लागतो, आणि दहाव्या वर्षी तर उधारीची वही मिटून 'असू दे हो, पुढच्या वेळी द्या' म्हणतो. याच गृहस्थाने एकदा पोरकिड्यांसकट तूरडाळ गळ्यात मारली होती, ते मात्र विसरून जायला होतं. मग या वाण्याला साक्षी ठेवून ऑनलाइन खरेदीला नावं ठेवायची: माणूस माणसाला पारखा झाला, बटण दाबलं की दारात खोका, ना ओळख ना देख.

भारतातलं मी काही सांगू शकत नाही. पण म्युनिकमध्ये राहून माझं मत नेमकं उलटं झालं आहे. इथे दुकानात गेलं की कुणी भेटत नाही. खोका मागवला की भेटतं.

रोजच्या वाणसामानाचंच घ्या. एसेनच्या आल्ब्रेख्त भावांनी 'आल्डी' उभं केलं ते कमी माल, कमी माणसं आणि कमी वेळ या तत्त्वावर, आणि देशभरची स्वस्त दुकानं त्याच वाटेने गेली. कॅशियरबाई खुर्चीवर बसलेल्या असतात. माल उलटासुलटा करायला लागू नये म्हणून पुष्कळशा वस्तूंवर बारकोडही एकापेक्षा जास्त बाजूंना छापलेला असतो. दूध, कांदे, टोमॅटो त्यांच्या हाताखालून असे सटासट निघतात की आपण पिशवी उघडेपर्यंत बिल तयार. पलीकडे सामान ठेवायला जागा वीतभर, तीही मुद्दामच. रेंगाळू नये म्हणून. संभाषण म्हणजे एक नमस्कार, एक आकडा, पावती हवी का, आणि दिवस छान जावो. २०२० पासून तर एक पाव घेतला तरी पावती द्यावीच लागते. आमच्या पोह्यांची चौकशी कोण करणार?

घासाघीस म्हणाल तर तीही नाही. तुळशीबागेत तयार झालेल्या बाईला याचं दुःख कुणी विचारू नये. १९३३ साली इथे सवलतींचा एक कायदा झाला होता, त्यात रोख पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाला फार तर तीन टक्के सूट देता येत असे. हा कायदा रद्द व्हायला २००१ साल उजाडलं. म्हणजे जवळजवळ सत्तर वर्षं 'नीट लावा हो भाव' म्हणणं हे दुकानदाराला गुन्ह्याकडे ढकलण्यासारखं होतं. कायदा गेला, पण सवय लागायची ती लागलीच. मी एकदा दोन स्कार्फ एकत्र घेते म्हणून काही कमी होईल का, असं विचारलं, तेव्हा दुकानदारीण माझ्याकडे इतक्या काळजीने बघायला लागली की मीच तिला पूर्ण पैसे देऊन शांत केलं.

आणि रविवार. रविवारी दुकानं बंद. १९१९ च्या वायमार राज्यघटनेत रविवार हा कामातून विश्रांतीचा आणि आत्मिक उन्नतीचा दिवस म्हणून राखून ठेवला आहे, आणि ते कलम आजच्या घटनेतही जसंच्या तसं लागू आहे. कोथिंबीर संपली आहे आणि संध्याकाळी चार माणसं जेवायला येणार आहेत, या परिस्थितीत आत्मिक उन्नती कशी साधायची, ते घटनेत नाही. मग मुख्य रेल्वे स्टेशन गाठायचं. प्रवाशांसाठी म्हणून तिथली दुकानं उघडी असतात, आणि आत पाहावं तर निम्म्या प्रवाशांच्या हातात बॅगेऐवजी बटाट्यांची जाळी. उरलेला देश सोफ्यावर बसून फोनवर बूट निवडत असतो. एकच जोड तीन मापांत मागवायचा, दोन परत पाठवायचे. चौदा दिवसांत कारण न सांगता परत करायचा हक्क कायद्यानेच दिलेला आहे.

तर खोका निघतो. तो नेमका येतो तेव्हा आपण ऑफिसात असतो. इथे इमारतीतल्या घरांना सहसा नंबर नसतात. खाली घंटीशेजारी आडनावाची पट्टी असते, तिच्यावरून घर शोधायचं. नवरा-बायकोची आडनावं वेगळी असली आणि पट्टीवर एकच असलं, तर दुसऱ्याचा खोका गावभर हिंडून परत जातो. पट्टी बरोबर असली आणि घरी कुणी नसलं, तर कुरिअरवाला इमारतीतल्या बाकीच्या घंट्या दाबत सुटतो. जो दार उघडेल त्याच्या हातात आपला खोका, आणि आपल्या पत्रपेटीत चिठ्ठी: अमक्यांकडे दिला आहे.

आमच्या इमारतीत हे 'अमके' म्हणजे कायम तळमजल्यावरच्या आजी. पेन्शनीत निघालेल्या, दिवसभर घरी. त्या स्वतः ऑनलाइन काहीही मागवत नाहीत. भाजी आठवड्याच्या बाजारातून, पाव कोपऱ्यावरच्या बेकरीतून, रोख पैसे मोजून. ऑनलाइनवाल्यांनी गावातली दुकानं बुडवली, असं त्यांचं ठाम मत आहे आणि ते त्या आम्हाला आमचेच खोके हातात देत देत ऐकवतात. सगळ्या इमारतीची घरबसली खरेदी, तिला विरोध असलेल्या या एका बाईच्या पॅसेजमध्ये उभी असते.

खोका घ्यायला कधी जायचं याचे नियम आहेत. एक ते तीन नाही, ती वामकुक्षीची वेळ. आठनंतर नाही. सहा ते सात ठीक, आणि तेव्हा पाच मिनिटं थांबावं लागतं, हा त्याचा मोबदला. या पाच-पाच मिनिटांत मला कळलं की तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा चेलो शिकतो, की इमारतीच्या जागी युद्धाआधी काय होतं, आणि की पूर्वी आजीही घरबसल्याच खरेदी करायच्या. फ्युर्टच्या 'क्वेले'चा हजारावर पानांचा कॅटलॉग यायचा, सगळं घर तो घेऊन बसायचं. ('ओट्टो'चा पहिला कॅटलॉग तर १९५० मध्ये हाताने बांधून तीनशे प्रती काढला होता, आत अठ्ठावीस जोड बूट.) 'क्वेले' २००९ मध्ये दिवाळखोरीत गेलं. "ते वेगळं होतं," असं आजी म्हणाल्या. काय वेगळं होतं, ते मी विचारलं नाही, सात वाजत आले होते.

एकदा माझा हिंगाचा खोका त्यांच्याकडे आला. भारतीय वाणसामान विकणारी ऑनलाइन दुकानं जर्मनीत आता बरीच आहेत. भाजणीपर्यंत सगळं मिळतं. हिंग डबीत, डबी पिशवीत, पिशवी खोक्यात, तरीही आजींनी खोका बाल्कनीत काढून ठेवला होता आणि आत काय आहे असं थेट न विचारता, "तब्येत बरी आहे ना तुमची?" एवढंच विचारलं. मी सांगितलं की हे खायचं असतं. त्यांनी मान डोलावली. त्यावरून आमच्या पूर्ण देशाविषयी त्यांनी काहीतरी ठरवून टाकलं असणार. दिवाळीला चकली नेऊन दिली, तेव्हा त्यांनी आधी ती नाकाशी धरली.

दुकानदाराशी ओळख होते ती फक्त तुर्की भाजीवाल्याकडे. तिथे वांगं दाबून बघता येतं आणि भेंडी मोडून बघितली तरी कुणी ओरडत नाही. म्युनिकमधला फीक्टुआलिएनमार्केट हा बाजार १८०७ पासून भरतो आणि दिसतो फार देखणा, पण तिथे फळाला आपण होऊन हात लावायचा नसतो.

आंब्याचं मात्र वेगळंच आहे, तो ना दुकानात बसतो ना ऑनलाइनमध्ये. एप्रिलअखेर व्हॉट्सॲपवर यादी फिरते, नावापुढे पेट्या लिहायच्या, पैसे पाठवायचे, आणि विमानाने हापूस उतरला की शनिवारी कुठल्या तरी पार्किंगमध्ये गाडीच्या डिकीतून वाटप. तिथे तासभर गप्पा, 'या वर्षी लहानच आहेत नाही', आणि भाव वाढला म्हणून सामुदायिक हळहळ. २०१४ च्या मे महिन्यात युरोपीय संघाने फळमाशीपायी भारतीय आंब्यावर बंदी घातली होती. सोबत वांगं, कारलं, पडवळ आणि अळूवरही. आंबा पुढच्या वर्षी सुटला. त्या हंगामातल्या विरहाची वर्णनं जुन्या मंडळींकडून अजून ऐकायला मिळतात. पडवळाचं नाव कुणी काढत नाही.

आता गल्लोगल्ली पिवळी पार्सल-कपाटं झाली आहेत. फोनवर कळ दाबली की खण उघडतो. तिसऱ्या मजल्यावरचा चेलोवाला तिकडेच मागवतो. मी नाही मागवत. हिंगाच्या बाबतीत तर तो इतर खणांवर अन्याय होईल.

मागच्या हिवाळ्यात आजींच्या जुन्या व्हॅक्यूम क्लीनरच्या पिशव्या मिळेनाशा झाल्या. ज्या दुकानात त्या मिळायच्या ते बंद पडलं. फार संकोचाने त्यांनी मला बोलावलं, मॉडेलचा नंबर सुवाच्य अक्षरात लिहून दिला आणि पैसे आधीच मोजून ठेवले होते. मी त्याच रात्री मागवल्या, माझ्या नावावर. दोन दिवसांनी घरी आले तर पत्रपेटीत चिठ्ठी: खोका तळमजल्यावर दिला आहे. मी खाली जाऊन म्हटलं, "अहो, तुमच्याच पिशव्या आहेत त्या, उघडायच्या होत्या की." आजींनी पॅसेजमधून खोका आणला. तो बंदच होता. त्यावरचं नाव त्यांनी मला बोटाने दाखवलं, कुरिअरवाल्याची चिठ्ठी मागून घेतली, नाव आणि नंबर ताडून पाहिला, खोका माझ्या हातात दिला, आणि मग दुसरा हात पुढे करून म्हणाल्या, "आता द्या."